उजव्या खांद्यामागचा व्हॉल्व्ह

मला उजव्या हाताने माझा उजवा खांदा शिवता येत नाही. हात कोपरात दुमडतो आणि मग एका जागी येऊन थांबतो, दारामागे काहीतरी ठेवलेलं असलं की दार थांबतं तसा. बोटं आणि खांदा यांच्यामध्ये तळहाताएवढी जागा उरते. शाळेत पीटीच्या तासाला खांद्यावर हात ठेवायला सांगायचे, तेव्हा मी शेवटच्या रांगेत उभी राहायचे, खांदा थोडा उचलायचे आणि मान तिकडे कलती करायचे. लांबून हात टेकल्यासारखा दिसायचा. कॉन्व्हेंटमधल्या पीटीच्या मिस फार कडक होत्या, पण त्यांनाही ते कधी दिसलं नाही. मी तेव्हापासूनच कमी बोलते. कमी बोललं की लोक आपल्याकडे कमी बघतात.

दुसरीच्या मे महिन्याच्या सुट्टीत गावी, मालवणजवळ, मी गडग्यावरून पडले. आमची आणि शेजारच्यांची कलमं यांच्यामधला तो दगडांचा बांध. आई म्हणत होती, तालुक्याला नेऊ या, एक्स-रे काढू या. बाबांनी मला उचललं आणि खालच्या वाडीतल्या हाडवैद्याकडे नेलं. गावातले सगळे त्याच्याकडेच जायचे. बाबांचं स्वतःचं मनगट लहानपणी त्यानेच बसवलं होतं आणि ते अगदी सरळ आहे. वाटभर बाबा मला सांगत होते, "रडू नको गो, बरो होतलो हात." मुंबईत बाबा आमच्याशी कधी मालवणी बोलत नाहीत, म्हणून ते वाक्य मला नीट आठवतं. हाडवैद्याने हात खेचला, वाटलेल्या पाल्याचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावल्या आणि वरून पांढरं फडकं घट्ट गुंडाळलं.

ते फडकं चारकोपच्या घरी सोडलं तेव्हा हात थोडा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. आईने तो दुमडून बघितला. थांबला. तिने पुन्हा दुमडून बघितला, मग बाबांकडे एकदा बघितलं आणि ती कुकर लावायला आत गेली. त्यानंतर आमच्या घरात त्या हाताबद्दल कुणी काही बोललेलं मी ऐकलं नाही.

मला खूप वर्षं वाटायचं की ते दोघं विसरले. घर त्या हाताभोवती हळूहळू मांडलं गेलंय हे मला कॉलेजात गेल्यावर लक्षात आलं. माझ्या सगळ्या ड्रेसना चेन कुशीला असायची, पाठीला कधीच नाही. आई मला वेणी घालून द्यायची, बारावीपर्यंत, आणि मैत्रिणी हसल्या तर म्हणायची, "माझी हौस आहे." बाबा जेवायला माझ्या उजवीकडे बसत नसत, म्हणजे माझं कोपर त्यांना लागू नये. दप्तर घ्यायला पुढे आले की डाव्या खांद्याकडून घ्यायचे. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिघांनी मिळून एक मोठी वस्तू घरात ठेवली होती आणि तिला वळसा घालून आम्ही चालत होतो.

मी समुद्री शेवाळावर काम करते. अंधेरीला एका छोट्या संशोधन संस्थेत आमची लॅब आहे, आमच्या मॅडम तिच्या प्रमुख. पाण्याखालचं शेवाळ बघायचं तर पाण्याखाली जावं लागतं, म्हणून मी तारकर्लीला स्कूबा शिकले. तिथे पाणी कोमट, अंगावर पातळ सूट, पाठीवर एकच टाकी. टाकीचा व्हॉल्व्ह मानेमागे येतो. हवा चालू-बंद करायची ती रबरी मूठ. टाकी जरा वर बांधली आणि डोकं मागे टेकलं की माझ्या मधल्या बोटाचं टोक मुठीला लागायचं. टोक लागलं की पुढचं ढकलून ढकलून करता यायचं. मी पास झाले. पाण्याखाली मला बरं वाटतं. तिथे कुणालाच बोलता येत नाही.

मागच्या वर्षी मॅडमना उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या प्रकल्पात जागा मिळाली. दोन जणींनी जायचं, तिथल्या खाडीत एक पूर्ण ऋतू रोज पाण्याखाली उतरायचं आणि तिथलं शेवाळ वाढताना बघायचं. मी आणि लॅबमधली माझी मैत्रीण, अशी दोघींची नावं मॅडमनी धरली होती. मैत्रीण मुलुंडची. मी जेवढी गप्प तेवढी ती बोलकी. मला आयुष्यात कुठली गोष्ट एवढी हवी असल्याचं आठवत नाही. घरी मी ते फक्त "जायला मिळेल बहुतेक" एवढ्या शब्दांत सांगितलं. बाबांनी त्याच संध्याकाळी तो देश नकाशावर शोधला.

अट एकच होती. तिकडचं पाणी इतकं थंड असतं की ज्यातून आपण श्वास घेतो तो रेग्युलेटर कधीकधी आतून गोठतो आणि उघडाच राहतो. मग टाकीतली हवा फसफसून बाहेर निघून जाते. म्हणून पाठीवर दोन टाक्या असतात, उजव्या कानामागे एक व्हॉल्व्ह, डाव्या कानामागे एक. उजवीकडचं गोठलं तर उजव्या हाताने उजवी मूठ फिरवून ती टाकी बंद करायची आणि दुसरीवर श्वास घ्यायचा. हे सगळं हवा संपायच्या आत, न बघता, जाडजूड हातमोज्यांसकट. हे ज्याला जमत नाही त्याला तिकडे पाण्यात उतरू देत नाहीत. मॅडमनी सांगितलं, आधी इथे स्विमिंग पूलमध्ये करून दाखवा, मग मी नावं पाठवते.

घरी मी आईला एवढंच सांगितलं की पाठीवरचा सिलिंडर बंद करण्याची परीक्षा आहे.

"आपल्या गॅसचा नॉब बंद करायला विसरतेस," आई म्हणाली, "आणि पाठीवरचा बंद करणार?"

बाबा हसले. मग दोघंही एकदम हसायचे थांबले. आई टेबल पुसायला लागली. ते स्वच्छच होतं.

शिकवायला एक सर होते, नौदलातून निवृत्त झालेले. अंधेरीतल्या एका क्लबचा पूल दुपारी बॅच नसताना त्यांना मिळायचा. आम्हाला ते "या शेवाळताई" म्हणायचे. दोघींनाही तेच नाव, त्यामुळे एकीला हाक मारली की दोघी वळायचो.

ड्रायसूट पहिल्यांदा घातला ती दुपार मी विसरणार नाही. आत पाणी शिरत नाही म्हणून त्याला ड्रायसूट म्हणतात. आधी रजईसारखा एक जाड पोशाख, त्यावर तो सूट, मानेला आणि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या. पट्ट्या फाटू नयेत म्हणून हाताला टाल्कम पावडर लावायची. एप्रिल महिना, डोक्यावर ऊन, आणि आम्ही बर्फात जायच्या तयारीने पावडर लावून उभ्या. क्लबचा वॉचमन केबिनमधून बाहेर येऊन बघत राहिला.

"कोरडा सूट म्हणे," मैत्रीण म्हणाली. "माझी आत खिचडी झालीय यार."

"बाहेरून कोरडा," सर म्हणाले. "आतलं आम्ही बोललो नव्हतो. चला, पाण्यात."

पाण्यात सूट अंगाला चिकटतो. खांद्यावरचं कापड खाली ओढलं जातं, आणि हात वर करायला गेलं की ते आपल्याला परत खाली ओढतं. सरांनी युक्त्या सांगितल्या. छातीवरचं बटण दाबून सूटमध्ये थोडी हवा घ्यायची, म्हणजे कापड सैल होतं. खांद्यावरचं कापड आधीच चिमटीने वर ओढून ठेवायचं. टाक्या पट्ट्यात जरा वर बांधायच्या. कोपर कानाच्या बाजूने वर न्यायचं, पुढून नाही. अगदीच नाही जमलं तर डाव्या हाताने उजवं कोपर मागे ढकलायचं. मैत्रिणीला दुसऱ्याच दिवशी जमलं.

माझी बोटं मुठीपर्यंत पोचत नव्हती. तारकर्लीला मधल्या बोटाच्या टोकावर जे निभावलं होतं, तेवढंच नेमकं या सूटने काढून घेतलं. हातमोज्याच्या आत मी बोट ताणत होते आणि बाहेर नुसतं पाणी लागत होतं. मी डावा हात डोक्यामागून पलीकडे नेऊन उजवी मूठ पकडायचा प्रयत्न केला. रबर हाताला लागलं, पण ती फिरवण्याइतका जोर लागेना. सरांनी पाण्यातच बोट हलवून नाही म्हटलं, आणि वर आल्यावर म्हणाले, "डाव्या हातात तिकडे टॉर्च असणार. अंधार असतो खाली. टॉर्च काय दातात धरणार?"

"सूट मोठा आहे सर," मी म्हटलं.

सूट खरंच मोठा होता. आधीच्या एका उंच संशोधकाचा, संस्थेत पडून असलेला. सरांनी खांद्याशी कापड धरून बघितलं आणि मान हलवली. मैत्रिणीला तर ते लगेच पटलं.

"तुझा हात म्हणजे मुलुंडची बस आहे गं," ती म्हणाली. "येते येते म्हणते आणि येतच नाही."

मी हसले. त्या क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं, माझं कोपर पूर्ण दुमडत नाही. पण ते वाक्य मी कधी कुणाला म्हटलेलं नव्हतं, आणि म्हणायचं ठरवलं तर पुढचा प्रश्न कुठला येणार हे मला माहीत होतं. कुणी बसवला? त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या एकटीचं नव्हतं.

मग मी घरी सराव सुरू केला. खोलीचं दार लावून भिंतीला पाठ टेकायची, डाव्या हाताने उजवं कोपर धरायचं आणि मागे दाबत राहायचं. मला वाटायचं, एवढ्या वर्षांत कधी प्रयत्नच केला नाही म्हणून तो अडतोय. रोज थोडं थोडं केलं तर सुटेल. कोपर सुजलं. मी पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायला लागले. एक दिवस अंघोळीनंतर खोलीत आले तर पलंगावर बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती. आई बाहेर भाजी निवडत होती. मी पिशवी वापरली आणि परत फ्रीजरमध्ये ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पलंगावर होती.

सरांनी एकदा टाक्या उलट्या बांधायचंही सुचवलं. तोंडं खाली, म्हणजे व्हॉल्व्ह कमरेशी येतात आणि हात सहज पोचतो. काही लोक तसं करतात. मी तेवढ्यावर एक पूर्ण दिवस आनंदात काढला. मॅडमनी तिकडे विचारलं. उत्तर आलं की तिथे सगळ्यांची बांधणी एकसारखीच लागते, कारण अंधारात एकीचं काही बिघडलं तर दुसरीचा हात न शोधता नेमक्या जागी गेला पाहिजे. ते वाचून मला वाद घालावासाही वाटला नाही. बरोबरच होतं ते. बरोबर मैत्रीण असणार होती, आणि खाली तिचं आयुष्य माझ्या हातात.

शेवटची चाचणी ठरली तेव्हा बाबा म्हणाले, "मला बघता येईल का एकदा? बाजूला बसेन."

बाबा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छापखान्यात सुपरवायझर आहेत. आजोबा गिरणीत होते. आमच्या घरातलं कुणी आजवर असल्या कारणासाठी परदेशात गेलेलं नाही. मी नको म्हणू शकले असते. पण बाबा कधी काही मागत नाहीत, आणि त्यांनी ते माझ्याकडे न बघता, चहाच्या कपाकडे बघत मागितलं होतं. मी बरं म्हटलं. मनात असंही होतं की ते समोर असले तर हात पोचेल. वेड्यासारखं होतं ते, पण होतं.

हाफ डे टाकून ते आले. इस्त्रीचा निळा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत केळी आणि पाण्याची बाटली. पुलाच्या कडेला चपला-बूट चालत नाहीत म्हणून वॉचमनने त्यांना बूट काढायला लावले. बूट कुठे ठेवायचे ते न कळल्याने ते हातात घेऊनच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मोजे बुटांत कोंबलेले. सरांना वाटलं क्लबचं कुणीतरी असेल. मी ओळख करून दिली नाही. बाबांनीही स्वतःहून सांगितलं नाही.

खाली गेल्यावर आपल्या बुडबुड्यांशिवाय काही ऐकू येत नाही. मी गुडघ्यांवर टेकून बसले. समोर मैत्रीण, शेजारी सर. वर बघितलं तर पाण्याच्या पृष्ठभागाच्या पलीकडे बाबांच्या शर्टाचा निळा रंग हलताना दिसत होता, तुटत होता, पुन्हा जुळत होता. सरांनी उजव्या खांद्यामागे बोट दाखवलं. म्हणजे, उजवीकडचं गोठलं.

मी सूटमध्ये हवा घेतली. खांद्यावरचं कापड वर ओढलं. कोपर कानाशी नेलं, डोकं मागे टाकलं, डाव्या हाताने कोपर ढकललं. रोज भिंतीशी ढकलायचे त्याहून जोरात. कोपर तिथे आलं आणि थांबलं. बोटांना पाणी लागलं. मी हात खाली घेतला आणि पुन्हा वर नेला. सरांनी घड्याळाकडे बघितलं. मैत्रीण माझ्याकडे बघत होती. काचेमागचे तिचे डोळे मला मोठे दिसत होते. तिसऱ्या वेळी मी इतक्या जोरात ढकललं की कोपरात काहीतरी टचकन वाजलं. मला ते ऐकू आलं नाही, हाडात जाणवलं. मी मास्कच्या आत रडत होते का ते मला सांगता येणार नाही. मास्कमध्ये पाणी होतं एवढं खरं.

सरांनी अंगठा वर केला. वर चला.

वर आल्यावर त्यांनी मला कडेला घेतलं, टाक्या उतरवल्या, मनगटाची पट्टी सोडवून सूटमधून माझा हात बाहेर ओढला. मग हात धरून कोपरात दुमडला. तो थांबला. त्यांनी पुन्हा दुमडला, आणि मला एकदम फडकं सोडलं ती आमच्या घरातली दुपार आठवली.

"अगं हे सूटचं नाहीच आहे," सर म्हणाले. "हा इथेच अडतोय. लहानपणी मोडला होता का?"

"हो सर."

"आणि बसवला कुणी हा? सुताराने?" ते मोठ्याने हसले. वाईट माणूस नव्हते ते, सगळ्यांशीच असं बोलायचे. "ज्याने कुणी बसवला ना, त्याला एकदा आण माझ्याकडे. दाखवतो त्याला काय केलंय ते. पोरीच्या हाताची पार वाट लावून टाकली."

बाबा तिथेच होते, दोन-तीन फुटांवर. मी वर आले तसे ते खुर्चीवरून उठून पुढे आले होते, हातात बूट घेऊन, बहुतेक मला केळं द्यायला. त्यांचं तोंड थोडं उघडलं होतं. ते काहीतरी बोलणार होते. आता मला खात्री आहे की ते बोलणार होते.

"हॉस्पिटलात बसवला होता सर," मी म्हटलं. "लगेच नेलं होतं. ऑपरेशन झालं होतं. मोठे डॉक्टर होते."

एवढी लांब वाक्यं मी सरांशी कधी बोलले नव्हते. मैत्रिणीने माझ्याकडे वळून बघितलं.

"मग डॉक्टरनेच माती केली," सर म्हणाले. "नशीब गं तुझं. घरच्यांनी बिचाऱ्यांनी तरी काय करायचं?"

मला वाटलं होतं, बाबांना हायसं वाटेल. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड मिटलं होतं. ते हातातल्या बुटांकडे बघत होते, ते बूट आपले आहेत का याची त्यांना खात्री नसावी तसे. मग ते परत खुर्चीपाशी गेले आणि बसून मोजे घालायला लागले. वॉचमन लांबून ओरडला, "अंकल, इधर नहीं पहनने का, बाहर." बाबांनी मान हलवली आणि घातलेला मोजा परत काढला.

कपडे बदलताना मैत्रीण माझ्याजवळ आली. 

"तू मला का नाही सांगितलंस गं?" ती म्हणाली. "मी बसचे जोक मारत होते."

"चांगले होते जोक," मी म्हटलं.

"सरांना सांगू का, अजून एक चान्स द्या म्हणून? नाहीतर आपण मॅडमना सांगू जमलं म्हणून. तिकडे मी आहे ना तुझ्या बाजूला. तुझा व्हॉल्व्ह मी बंद करीन."

"आणि तुझा गोठला तर?"

 तिने माझ्या मानेची ओली पट्टी सोडवली आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

बाबा आणि मी मेट्रोने परतलो. दुपारची वेळ, डबा बराच रिकामा. बाबांनी केळं सोलून माझ्या हातात दिलं, मी लहान असताना द्यायचे तसं, अर्धी साल ठेवून. खिडकीबाहेर इमारतींच्या गच्च्या जात होत्या, टाक्या, डिश अँटेना, वाळत घातलेल्या चादरी. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्या दिवशी ना..."

मी त्यांच्याकडे वळले नाही. मला भीती वाटली. आता जे येणार होतं ते मला इतकी वर्षं ऐकायचं होतं असं मला वाटत आलं होतं, आणि ते यायला लागलं तसं मला ते नको झालं. ते बोलले असते तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

"सूट पण मोठाच होता बाबा," मी म्हटलं. "माझ्या मापाचा असता तर झालं असतं."

ते थांबले. मग म्हणाले, "हां. सूट." आणि केळ्याची साल माझ्या हातातून घेऊन त्यांनी पिशवीत ठेवली.

मॅडमना मी मेल लिहिली. त्यांनी बोलावून घेतलं, चहा दिला, आणि माझ्या हाताबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, यासाठी मी त्यांची आभारी आहे. माझ्या जागी गोव्याच्या एका मुलीचं नाव गेलं. मैत्रीण आता तिकडे आहे. ती जे गोळा करते त्याचे नमुने बाटल्यांमधून अंधेरीला येतात आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून वेगळे करते. बाटलीतलं शेवाळ हलत नाही. पाण्यात ते कसं हलत असेल ते तिने पाठवलेल्या व्हिडिओत दिसतं. त्यात कधीकधी तिचा हात पुढे येतो, जाड काळ्या हातमोज्यातला. मी व्हिडिओ तिथे थांबवते आणि पुढचा नमुना घेते.

कोपर परत पूर्वीसारखं झालं, म्हणजे तेवढंच दुमडतं. पलंगावर बर्फाची पिशवी ठेवणं आईने आपोआप बंद केलं.

परवा रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. त्यांची ओळख अलीकडची, त्या इमारतीत येऊन तीन-चार वर्षंच झाली असतील. आईने पोहे केले होते. बाबा पेपर वाचत होते. मी आतून पाण्याचे ग्लास घेऊन आले.

"काय गं, तू फॉरेनला जाणार होतीस ना?" काकू म्हणाल्या. "आम्ही पेढ्यांची वाट बघतोय आणि तू इथेच. कॅन्सल झालं की काय?"

मी ग्लास ठेवले. अशा वेळी मला लवकर काही सुचत नाही. पेपरच्या आडून बाबा बोलले.

"तिच्या हातामुळे राहिलं. लहानपणी मोडला होता ना. तेव्हा लगेच हॉस्पिटलात नेलं होतं. ऑपरेशन केलं. पण डॉक्टरांच्या हातून जरा..." त्यांनी पेपर खाली न घेताच एक हात बाहेर काढून हवेत वाकडा केला.

तेच माझे शब्द होते, जवळजवळ त्याच क्रमाने. त्यांनी ते कधी पाठ केले असतील, मेट्रोत की नंतर, मला माहीत नाही. त्यांचा आवाज शांत होता. बऱ्याचदा सांगितलेली गोष्ट माणूस सांगतो तसा.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांचं हल्ली काही सांगता येत नाही. आमच्या नणंदेचा गुडघा..."

मी आईकडे बघितलं. आई पोह्यांची बशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी आणि बाबांनी तिला हॉस्पिटलच्या त्या गोष्टीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, पूलवरचंही नाही. तिने बाबांच्या पेपरकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता ती बोलेल. इतक्या वर्षांचं जे काही आहे ते आता पोह्यांच्या बशीसकट काकूंच्या पुढे येईल.

तिने बशी काकूंच्या हातात दिली.

"तीन दिवस ठेवून घेतलं होतं तिला," आई म्हणाली. "खिडकीजवळची खाट मिळाली होती. मी खालीच चटई टाकून झोपायचे."

बाबांचा पेपर हलला नाही.

"जेवण तरी बरं होतं का तिथलं?" काकूंनी विचारलं.

"हो, चांगलं होतं," आई म्हणाली. "सकाळी पेज द्यायचे गरम. ही अगदी शहाण्यासारखी खायची. रडली नाही एकदाही."

काकूंनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "आठवतं का गं तुला?"

तिघंही वाट बघत होते.

"थोडं थोडं," मी म्हटलं. "खिडकी आठवते."